ढकललं, लोटलं की रेटलं?

प्रश्न : आमच्या इमारतीच्या सभेत वाद झाला. एका सभासदाने मला ढकललं आणि दम दिला. तक्रार अर्जात मी ‘धक्काबुक्की व दमदाटी केली’ असं लिहिलं. मुलगा म्हणतो, यातून नेमकं काय घडलं ते कळत नाही. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : तुमच्या मुलाचं बरोबर आहे. मी न्यायालयात लघुलेखक होते आणि बरीच वर्षं साक्षी टंकित केल्या. एकदा जिन्यावरून पडलेल्या एका आजींची साक्ष झाली. मी ‘ढकलले’ असं टंकलं होतं. साक्ष वाचून दाखवताना आजींनी मला मध्येच थांबवलं. “ढकललं नाही हो बाई, लोटलं.” आणि उजवा हात छातीपाशी आणून, उलट्या पंजाने एका झटक्यात बाहेर फेकून दाखवला. शब्द बदलला गेला. तो हात मला अजून दिसतो.

आजींना जे कळत होतं ते आपल्या भाषेत पक्कं बसलेलं आहे. ढकलताना हात वस्तूबरोबर पुढे जातो. बंद पडलेली गाडी आपण ढकलतो, कपाट ढकलतो. लोटताना हात लगेच सुटतो आणि पुढे ती वस्तू आपल्याच वेगाने जाते. दार लोटतात, होडी पाण्यात लोटतात, माणसाला कड्यावरून लोटतात, संकटात लोटतात. दिवसांचंही तसंच पाहा. ‘बरेच दिवस लोटले’ म्हणजे ते आपोआप गेले, आणि ‘दिवस ढकलतोय’ म्हणणारा माणूस एकेक दिवस हाताने पुढे सरकवत असतो.

रेटण्यात समोरून विरोध हवाच. खांदा लावून, अंगाचा भार टाकून रेटतात, आणि समोरचा मागे हटेपर्यंत थांबत नाहीत. म्हणून खोटं ‘रेटून’ बोलतात, ढकलून नव्हे. सारणं यातलं सगळ्यात हलकं. पडदा सारतात, पुस्तक बाजूला सारतात.

आता तुमची ‘धक्काबुक्की’. या शब्दात बुक्की आहे, म्हणजे मुठीचा मार. रोजच्या बोलण्यात कुणी ती मोजत नाही. बातम्यांतही नुसत्या लोटालोटीला हाच शब्द येतो. पण अर्ज वाचणारा तुम्हाला विचारू शकतो, बुक्की कुठे मारली? मारली नसेल तर हा शब्द काढा. ‘रेटारेटी’ही लिहू नका. तिच्यात सगळेच सगळ्यांना रेटत असतात, तुम्हीसुद्धा.

आणखी एक जागा सांभाळायची, ती म्हणजे ‘धक्का लागला’ आणि ‘धक्का दिला’. पहिल्यात कर्ताच नाही. गर्दीत कुणाचाही कुणालाही लागतो. दुसऱ्यात माणूस आहे आणि त्याचा हेतूही आहे. भिडस्त माणसं आपल्याला मुद्दाम दिलेला धक्काही ‘लागला’ म्हणून सांगतात. साक्षीत हे मी कितीदा ऐकलं, आणि दर वेळी जिवाला लागलं, कारण एका क्रियापदाने समोरचा सुटत होता.

दमाचं जरा सविस्तर सांगते. ‘दम’ फारसीतून आला, अर्थ श्वास. आपल्याला दम लागतो, आपण दम धरतो, आणि कुणी आपल्याला दम देतो. पण दम दिला म्हणजे काय म्हटलं, ते या शब्दात येत नाही. दटावणारा बहुधा मोठा असतो आणि त्याला आपलं भलं हवं असतं, आई मुलाला दटावते. दरडावण्यात आवाज असतो, ‘कोण रे तू?’ एवढंही दरडावून विचारता येतं. खडसावणाऱ्याजवळ समोरच्याची चूक असते, तो कदाचित खरंही बोलत असेल. तुम्ही ‘मला खडसावले’ लिहिलंत तर चूक तुमचीच होती असा वास येईल. धमकीला मात्र ‘नाही तर’ लागतं, उच्चारलेलं किंवा गिळलेलं. ‘उद्या सभेला आलास तर बघ’ यातलं ‘बघ’ म्हणजे तेच गिळलेलं ‘नाही तर’. आणि धाकाला शब्दही लागत नाहीत. चाकूचा धाक दाखवतात, तेव्हा तोंड बंद असलं तरी चालतं.

कायद्यालाही हेच हवं असतं. धमकीसाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 503 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 351 आहे. शरीराला, लौकिकाला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी आणि ती देण्यामागचा हेतू, हे त्याचं मर्म. ‘दमदाटी केली’ यातून दोन्ही दिसत नाही. तेव्हा असं लिहा : ‘त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या छातीवर ढकलले, मी मागच्या खुर्चीवर पडलो. नंतर ते म्हणाले,’ आणि पुढे त्यांचे शब्द, जसेच्या तसे, अवतरणात. शिवी असेल तर तीही. सभ्य करू नका.

प्रश्न : सक्ती आणि शक्ती एकाच मुळातले का?

उत्तर : नाही. शक्ती संस्कृत, सक्तीमागे फारसी ‘सख्त’, म्हणजे कठीण, कडक. म्हणून सक्ती नियमाचीही असते, ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणताना कुणी दुखावत नाही. जबरदस्तीचं तसं नाही. फारसीत ‘जबर’ म्हणजे वर आणि ‘दस्त’ म्हणजे हात, कुणाचा तरी हात वर असल्याशिवाय ती होतच नाही. ‘जबरदस्त’ ही शाबासकी झाली, पण ‘जबरदस्ती’ तक्रारच राहिली.

प्रश्न : धाकदपटशा की धाकधपटशा?

उत्तर : धाकदपटशा. ‘दपटणे’ हे जुनं क्रियापद, अर्थ दटावणे, धमकावणे. ते एकटं आता फारसं ऐकू येत नाही, धाकाच्या सोबतीने मात्र टिकलं आहे.