डाव्या बाजूचा तानपुरा कुठे गेला?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्या सहा वर्षांच्या लॅपटॉपवर आषाढात चहा सांडला. कीबोर्ड गेला. दुकानदाराने वरचं पॅनेल कीबोर्डसकट बदललं आणि उघडलाच आहे तर हार्ड डिस्क काढून एसएसडीही बसवली. मशीन आता पळतं छान, पण तेव्हापासून डावा स्पीकर मुका झालाय. उजवा, आवाज अर्ध्याच्या वर नेला की खरखरतो. मी जुन्या मैफली ऐकतो; तानपुरा एकाच बाजूने येतो, तोही पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा. हेडफोन लावले की सगळं ठीक. नातीने ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारं सॉफ्टवेअर, दोनदा टाकून पाहिलं. दुकानदार म्हणतो, स्पीकर गेले, १,८०० रुपये होतील. देऊ का?
— एक निवृत्त शिक्षक, कोथरूड

उत्तर : सर, एवढ्यात देऊ नका. आणि नातीला म्हणावं, ड्रायव्हरचा नाद सोड. एसएसडीवर नवं विंडोज टाकलं की कधीकधी कंपनीचा ड्रायव्हर न बसता साधा बसतो, हे खरं. पण तसं झालं तर बहुधा दोन्ही स्पीकर एकदम गप्प होतात. एक मुका आणि दुसरा घसा बसलेला, हे ड्रायव्हरचं काम वाटत नाही. हेडफोन काढून ठेवून साउंड सेटिंगमध्ये डाव्या-उजव्याचे आकडे सारखे आहेत ना, एवढं एकदा बघा. तुमची मैफल जुनी, मोनो असेल तर चाचणीला त्याहून चांगलं काही नाही. मोनोत दोन्ही स्पीकरना तेच जातं, त्यामुळे ‘तानपुरा त्याच बाजूला बसला असेल’ ही पळवाट राहत नाही.

आता पॅनेल बदललं म्हणजे काय केलं, ते ऐका. तुमच्यासारख्या बऱ्याच मशीनमध्ये कीबोर्ड वरच्या पॅनेलला प्लास्टिकच्या रिबिटांनी ठोकलेला असतो. म्हणून बॅटरी, पंखा, मदरबोर्ड सगळं उपसायचं आणि नव्या पॅनेलमध्ये परत मांडायचं. जुने स्पीकरही त्यातच नव्या घरी जातात. अनेक मॉडेलांत दोन्ही स्पीकरच्या मिळून चार वायरी एकाच बारक्या प्लगमध्ये येतात, आणि एका बाजूची वायर लॅपटॉपची अख्खी रुंदी ओलांडून जाते. ती खाचेत, हुकांखालून दाबत न्यावी लागते. घाईत हुक चुकला की वायर बोर्डाखाली नाहीतर स्क्रूच्या खुंटीखाली चेपते. वायर तुटली तर आवाज बंद. नुसती सोलवटून पत्र्याला टेकली तरी बंद, कारण इथे स्पीकरच्या दोन्ही वायरींत सिग्नल असतो, एकही अर्थिंगची नसते; टेकली की अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला वाचवायला ती बाजू मिटून घेतो. माझा पहिला संशय इथेच.

उजव्याच्या खरखरीबद्दल माझीच फजिती सांगतो. नारायण पेठेत माझ्या टेबलावर एका मशीनचा एक स्क्रू हरवला. फरशी झाडली, चपला झटकल्या. मशीन बंद करून दिलं तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत: “स्पीकरमध्ये भुंगा शिरलाय.” उघडलं तर स्क्रू स्पीकरच्या लोहचुंबकाला चिकटून, आवाज काढणाऱ्या थरथरत्या पडद्याला टेकून बसलेला! दुसरं कारण म्हणजे रबरी बुश. स्पीकरच्या कानांत मुगाएवढे रबर असतात. ते जुन्या पॅनेललाच चिकटून कचऱ्यात जातात. मग स्पीकर थेट प्लास्टिकवर थरथरतो. गाणं लावून त्या कोपऱ्यात पॅनेल बोटाने हलकेच दाबा. खरखर बदलली तर दोष बसवण्यात आहे.

दुकानदाराला तुमच्यासमोर उघडायला सांगा. आधी बॅटरीचा प्लग काढायचा, मग स्पीकरचा. मीटरने प्रत्येक स्पीकर मोजायचा: लॅपटॉपचे स्पीकर बहुधा ४ ओहमचे, काही ८ चे, आणि मीटर त्याच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कुठेतरी तुटलंय. मग स्पीकरला वायर जिथे डाखलेली असते त्या टाक्यावर थेट मोजायचं, म्हणजे तुटली ती वायर की कॉइल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) ते कळतं. मीटर नसेल तर आमची रेडिओवाल्यांची युक्ती: दीड व्होल्टचा पेन्सिल सेल प्लगमधल्या त्या स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. ‘टक्’ झालं, की कॉइल जिवंत. सेल धरून ठेवायचा नाही.

दुकानदार अगदीच खोटं बोलत असेल असंही नाही. चहा साखरेचा होता ना? तो जाळीतून पडद्यावर वाळला असेल तर पडदा कडक होतो, आणि तो घासून काढण्यात अर्थ नाही. तसं दिसलं तर जुन्या स्पीकरवर छापलेला पार्ट नंबर फोटोत घ्या आणि तपकीर गल्लीत दोन ठिकाणी भाव विचारा. वायर चेपलेली निघाली तर मात्र त्याने ती फुकट नीट करावी. बसवली त्यानेच होती.

प्रश्न : मदरबोर्ड बदलल्यापासून स्पीकर पूर्ण बंद. हेडफोन लावलेले नसतानाही पडद्यावर हेडफोनच दिसतात.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : जॅकमधली पत्ती अडकलीय, मशीनला वाटतंय, पिन आतच आहे. मशीन बंद करून हेडफोनची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. नाही सुटलं तर जॅक बदलायचा. बोर्ड नवा म्हणून घेतलाय, तेव्हा आधी वॉरंटीची पावती शोधा.