आधी पॉलिसी परत करा, दिव्यांचं मग पाहू

प्रश्न: मी इंदूरच्या रामबागेत राहते. वय 63, फॅमिली पेन्शन 31,000, घर स्वतःचं. ह्यांच्या स्मरणार्थ अलीराजपूरकडच्या फलियांतल्या (पाड्यांतल्या) शाळकरी मुलांना दरवर्षी 100 सौर दिवे द्यायचे आहेत. 450 रुपयांचा घ्यावा की 900 चा? पैशांसाठी एजंटने 8 टक्के हमीची पॉलिसी काढून दिली आहे: वर्षाला 2 लाख, 10 वर्षं. बाराव्या वर्षापासून 15 वर्षं दरसाल 1.6 लाख, शेवटी 20 लाख परत. पहिला हप्ता भरला. बाकीचे 20 लाखांच्या एफडीतून भरीन. पॉलिसीचे कागद येऊन 18 दिवस झाले.

उत्तर: ताई, तुमच्या हातात 12 दिवस आहेत. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. एजंटला फोन करू नका, तो "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणत दिवस घालवेल. विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक द्या, तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या. स्टॅम्प ड्यूटी, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा जोखीम-हप्ता कापून बाकी पैसे परत येतील.

ते 8 टक्के खोटे आहेत. एजंटने 1.6 ला 20 ने भागलं आणि मधली अकरा वर्षं गिळली. नीट हिशेब केला तर परतावा जेमतेम 5 टक्के पडतो. पहिले 1.6 लाख हाती येतील तेव्हा तुम्ही 74 वर्षांच्या असाल आणि एफडीतले 18 लाख केव्हाच हप्त्यांत गेलेले असतील. पेन्शनवर जगणाऱ्या बाईच्या गळ्यात दहा वर्षांचे हप्ते बांधणं हा सरळ अन्याय आहे.

तेच 20 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी वर्षाला 1.64 लाख मिळतात, दर तिमाहीला 41,000, आणि तेही आत्तापासून. मुद्दल पाच वर्षांनी परत. एफडी मोडू नका, जशी मुदत संपेल तशी तिकडे वळवा. परत आलेले 2 लाख दवाखान्यासाठी बँकेतच राहू द्या.

व्याजातले जवळपास निम्मे, म्हणजे 80,000, दिव्यांना. 100 नकोत, 75 घ्या, 900 वाले. 67,500 झाले, उरलेले 12,500 सुट्या भागांना आणि दुरुस्तीला. 450 च्या दिव्यात बहुधा लेड-ॲसिड बॅटरी असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि जूनमध्ये ती चार्जच होत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, 1 वॅटचा एलईडी आणि 3 वॅटचं पॅनल मागा. महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकल बाजारातून आधी एकच नमुना आणा: दिवसभर उन्हात ठेवून रात्री पाच तास टिकला पाहिजे, आणि मागचं झाकण स्क्रूने उघडलं पाहिजे. चिकटवलेला दिवा दुरुस्त होत नाही. बॅटरीआधी बिघडतात ते स्विच, चार्जिंगची पिन आणि पॅनलच्या मुळाशी तुटणारी वायर.

फुकट वाटू नका. आयआयटी मुंबईच्या सोल या सौर दिव्यांच्या प्रकल्पात मुलांकडून 120 रुपये घेतले आणि जोडणी-दुरुस्ती गावातल्याच माणसांना शिकवली, तेच करा. दिवे वस्तूरूपात दिले तर 80जीची (देणगीवरची आयकर) सूट मिळत नाही, ती धरून चालू नका.

देताना मुलांना दाखवा: पॅनल कौलांवर दक्षिणेकडे, थोडं तिरपं. महुआची सावली एका पट्टीवर पडली तरी सगळ्या पॅनलचं चार्जिंग पडतं, आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसावी लागते.