जुन्या फ्लाय हाती आल्यात? आधी ब्रश खाली ठेवा

तुम्ही विचारलंय की चामड्याच्या पाकिटासकट मासेमारीच्या जुन्या फ्लाय (गळावर पिसं-धागे बांधून केलेली कृत्रिम आमिषं) मिळाल्या आहेत, गळांना गंज चढलाय, काहींची पिसं कुरतडलेली आहेत. तर त्या स्वच्छ कशा करायच्या, खरंच जुन्या आहेत का आणि फ्रेम करून भिंतीवर लावता येतील का. तिन्हींबद्दल लिहितो, पण सुरुवात तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून करावी लागेल. कुरतडलेली पिसं म्हणजे कसर. ती अजून जिवंत असेल, तर बाकीच्या चर्चेला अर्थ नाही.

कपड्यांच्या पतंगाच्या आणि गालिचा-भुंग्याच्या अळ्यांना पीस, लोकर, फर आणि केस पचतात. फ्लाय बांधायला बहुतेक हेच वापरतात. पाकिटाच्या घडीत वाळूसारखी बारीक भुकटी, रेशमी जाळीचे धागे किंवा केसाळ रिकाम्या काती दिसतात का ते भिंगाने पाहा. काही दिसलं नाही तरी सगळं पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांखाली दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नका. थंड वस्तूवर धरणारं दव पिशवीच्या बाहेरच राहायला हवं, नाहीतर गंजाला आयतं पाणी मिळतं. डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ काही प्लास्टिकच्या डब्या मऊ करते, आणि त्या वासाच्या खोलीत रोज बसणं तुमच्याही तब्येतीला बरं नाही. जुन्या काळी पक्ष्यांची कातडी टिकवायला आर्सेनिक लावत. त्याच कातड्यांतली पिसं फ्लायमध्ये आलेली असू शकतात, म्हणून हातमोजे घाला आणि फ्लाय चिमट्याने गळाच्या बाकापाशीच धरा.

आता स्वच्छता. माझं मत थोडं टोकाचं वाटेल, पण जवळजवळ काहीच करू नका. मऊ कोरड्या ब्रशने सुटी धूळ झटकली की काम संपलं. केटलच्या वाफेवर वाकडी पिसं सरळ होतात, ही युक्ती वापरातल्या फ्लायसाठी ठीक आहे. जुन्या फ्लायवर तीच वाफ रंग फुटवते आणि गळाला ओल देते. गंज घासून किंवा आम्लाने काढू गेलात तर सॅमन माशाच्या गळावरचा काळ्या रोगणाचा थरही जाईल. तेल लावाल तर ते आतल्या रेशमी धाग्यात झिरपेल आणि डाग कायमचा राहील. गंज काढायचा नाही, थांबवायचा. डबीत सिलिका जेल ठेवून आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राखा, पुरे.

गळाला बांधलेली पिवळसर तार म्हणजे ‘गट’, रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेली. स्पेनमधला मुर्सिया प्रांत हिच्यासाठी प्रसिद्ध होता. नायलॉन आलं आणि १९४० नंतर तिचा जमाना सरला. कोरडी गट काडीसारखी मोडते. मासेमार ती वापरण्यापूर्वी भिजवत असत, पण तुम्ही भिजवू नका आणि वेटोळं सरळही करू नका. जशी वळली आहे तशीच राहू द्या.

वय ओळखण्याबद्दल लोक एक सोपं सूत्र सांगतात, ‘गटचं डोळं (दोरी ओवायला गळाच्या टोकाशी बांधलेला गटचा फासा) असेल तर जुनी’. ते अर्धंच खरं आहे. धातूचं डोळं असलेले गळ १८८० नंतर हळूहळू रूढ झाले हे बरोबर, पण सॅमन फ्लायवर गटचं डोळं त्यानंतरही बरीच वर्षं टिकलं. शिवाय आजचे हौशी बांधणारे मुद्दाम बिनडोळ्याचे गळ आणि गट वापरून व्हिक्टोरियन पद्धतीच्या सुरेख फ्लाय बांधतात. त्यात लबाडी काही नाही, लबाडी विकणारा करतो. म्हणून एका खुणेवर विसंबू नका. खरी धातूची टिन्सेल (फ्लायवर गुंडाळलेली चमकदार पट्टी) काळवंडते, मायलर या प्लास्टिकची वर्षानुवर्षं तशीच चकचकीत राहते. अंधारात अतिनील टॉर्च मारली की दुसऱ्या महायुद्धानंतरचे झगझगीत रंग आणि काही कृत्रिम धागे पेटल्यासारखे दिसतात. टॉर्चने फ्लाय नवी असल्याचं कळू शकतं. ती जुनी आहे हे मात्र टॉर्चने कधीच सिद्ध होत नाही.

बांधणाऱ्याची सही हा आणखी निसरडा भाग. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स यांनी १ जुलै १९२४ रोजी अप्पर डॅमला स्वतः बांधलेल्या फ्लायवर ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट पकडला. पुढे गाजलेल्या ‘ग्रे घोस्ट’ या फ्लायची कहाणी तिथून सुरू होते. त्या शिकंजा न लावता नुसत्या हातात धरून बांधत, आणि फ्लायच्या काळ्या डोक्यावर नारिंगी-लाल पट्टी ठेवत. पण पट्टी कोणीही घालू शकतो. सोबत मूळ छापील कार्ड असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणूनच पाकीट, कार्डं, चिठ्ठ्या, पेन्सिलीने लिहिलेली नावं यांना फ्लायइतकंच जपा. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी चोरीला गेली, सॅमन फ्लायच्या पिसांच्या हव्यासापायी. पुढे काही परत मिळाली, पण अनेकांच्या नोंदचिठ्ठ्या काढलेल्या होत्या आणि अभ्यासकांच्या दृष्टीने त्यांची किंमत तिथेच संपली. पाकिटाचं प्रत्येक पान आधी फोटोत घ्या, फ्लायना क्रमांक द्या, मगच त्या बाहेर काढा. गंजाने नमद्याला चिकटलेला गळ ओढू नका, तो पानासकट राहू द्या.

फ्लाय ठेवायला पॉलिथिन फोम आणि आम्लरहित पुठ्ठा चांगला. लोकरीचा नमदा ओल धरतो आणि कसरीला खाऊही घालतो, रबरी फोममधून गंधक सुटतं, ओकच्या कपाटातून आम्लाची वाफ येते. जुनी सेल्युलॉइडची डबी असेल तर ती वेगळ्या खोलीत ठेवा.

भिंतीवर लावायचं तर लावा, कायमचं नको. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी ऑर्विस या मासेमारीचं सामान विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने फ्लाय आणि छायाचित्रं काचेखाली मांडून फलक बनवले होते. ते आज व्हरमाँटमधल्या मँचेस्टरच्या फ्लाय फिशिंग संग्रहालयात आहेत, म्हणजे मांडणी टिकू शकते. पण पिसांचा उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालयं पिसांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) प्रकाश पडू देतात. अतिनील रोखणारी काच मदत करते, तरी साधा उजेडही रंग खातोच. चार-सहा फ्लाय काही महिने लावा, मग बदला. काच पिसांना टेकू देऊ नका आणि गोंदाऐवजी गळाच्या बाकाभोवती बारीक दोरा घ्या.

विकण्याचा किंवा परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर पिसं ओळखून घ्या. मिन्याच्या थेंबांसारखे ठिपके असलेलं ‘जंगल कॉक’चं पीस म्हणजे आपला राखी रानकोंबडा, आणि भारतात त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या पिसांच्या विक्रीवर १९१८ पासून निर्बंध आहेत. संरक्षित प्रजातींची सीमेपलीकडची ने-आण १९७५ पासून साइट्स कराराखाली येते. वस्तू शंभर वर्षांची आहे म्हणून ती आपोआप सुटत नाही. कागद आधी, पार्सल नंतर.