पाण्यातून काढलेलं लाकूड किती कुजलंय हे कळतं कसं?

प्रश्न: एका संग्रहालयात बुडालेल्या जुन्या जहाजाची लाकडं पाण्याच्या टाकीत ठेवलेली बघितली. कुऱ्हाडीचे घावसुद्धा स्पष्ट दिसत होते, तरी पाटीवर ‘खूप कुजलेलं’ असं लिहिलेलं. हे ठरवतात कसं, आणि वाळवून का नाही ठेवत?

उत्तर: दिसण्यावर अजिबात जाऊ नका. गाळात ऑक्सिजन जवळपास नसतो त्यामुळे बुरशीचं फारसं चालत नाही, पण काही बॅक्टेरिया तिथेही तग धरतात आणि शेकडो वर्षं हळूहळू पेशींच्या भिंतीतलं सेल्युलोज (लाकडाला बळ देणारे तंतू) खात राहतात, मागे लिग्निनचा, म्हणजे पेशींना कडक ठेवणाऱ्या द्रव्याचा, सांगाडा तेवढा उरतो आणि रिकाम्या जागेत पाणी भरतं. ते घाव पाण्यानेच धरून ठेवलेत. तसंच वाळवलं तर पेशी आतल्या आत बसतात, लाकूड आकसतं, तडकतं, आणि परत भिजवून ते पूर्वीसारखं होत नाही.

तपासताना आधी बारीक सुई टोचून बघतात, ती कडक गाभ्याला अडेपर्यंत जेवढी आत गेली तेवढा मऊ थर. पण हाताचा जोर प्रत्येकाचा वेगळा, म्हणून हा नुसता अंदाज.

खरं उत्तर वजनात मिळतं. छोटा तुकडा घ्यायचा, व्हॅक्यूम लावून त्यातली हवा काढून पूर्ण पाण्याने भरायचा, वजन करायचं, मग ओव्हनमध्ये 105 अंशांच्या आसपास वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवून परत वजन. ओला 5 ग्रॅम आणि कोरडा 1 ग्रॅम भरला तर पाणी 4 ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या 400 टक्के. बऱ्याच ठिकाणी 185 च्या खाली कमी कुजलेलं, 400 च्या वर फार कुजलेलं आणि मधलं मध्यम असं धरतात. तुकडा मात्र यात जातोच, म्हणून अगदी लहान घ्यायचा. आणि झाडाची जात आधी मायक्रोस्कोपखाली ओळखायला हवी कारण हलकं लाकूड धडधाकट असतानाही भारी लाकडापेक्षा जास्त पाणी धरतं, मग आकडा चुकीचा वाचला जातो.

मला सगळ्यात खटकतं ते एका तुकड्यावरून अख्ख्या तुळईचा निकाल लावणं! ओकच्या तुळईत बाहेरचा थर लोण्यासारखा आणि आतला गाभा ठणठणीत असं सर्रास असतं, म्हणून खोलीप्रमाणे नमुने घ्यायलाच पाहिजेत. पुढचे उपाय यावरच ठरतात. पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पाण्यात विरघळणारं मेणासारखं रसायन) भरतात, त्याचे छोटे रेणू घट्ट गाभ्यात शिरतात आणि मोठे रेणू मऊ थराला आधार देतात. 1628 साली बुडालेलं स्वीडनचं ‘वासा’ जहाज 1961 साली वर काढलं, त्याच्यावर हे द्रावण 17 वर्षं फवारत होते.