जर्मनीत मटेरियल्स सायन्सची पीएचडी: ऑफर निवडताना

तुम्हाला जर्मनीतून दोन ऑफर आल्या आहेत, एक मॅक्स प्लांक या मूलभूत संशोधनाच्या संस्थेतली, दुसरी फ्राउनहोफर या उद्योगांसाठी संशोधन करणाऱ्या संस्थेतली. आणि पेपर कुठून चांगले निघतील, हा तुमचा प्रश्न. मी इथे याच विषयात पीएचडी केली, आता इथेच संशोधन करते.

जर्नलच्या नावांवर जाऊ नका. दोन्ही ग्रुपचे गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर काढा आणि लेखकांची नावं बघा. पीएचडीची मुलं पहिल्या नावावर आहेत की दर वेळी पोस्टडॉकच (पीएचडी झालेले संशोधक)? टीईएम (नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार पाठवणारा सूक्ष्मदर्शक), अ‍ॅटम प्रोब (नमुन्यातला एकेक अणू मोजणारं यंत्र) ग्रुपचं स्वतःचं आहे की दुसऱ्यांकडून करून घेतात? आपल्या विषयात लिहिण्यापेक्षा मोजमापांतच वर्षं जातात. मिश्रधातू ओता, रोल करा, हीट ट्रीटमेंट द्या, मग इलेक्ट्रॉन आरपार जातील इतका पातळ नमुना करा. तो शेवटच्या क्षणी वाकला की पुन्हा पहिल्यापासून. हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ वर किंवा फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या ईएसआरएफवर (दोन्ही तीव्र क्ष-किरण देणारी मोठी यंत्रं) बीमटाइम, म्हणजे मोजमापासाठी वेळ, हवा असेल तर अर्ज करून काही महिने थांबावं लागतं. निकाल प्रसिद्ध करणार असाल तर त्याचे पैसे पडत नाहीत, पण अर्ज नाकारला गेला की काम पुढच्या फेरीपर्यंत लटकतं. म्हणून तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना जरूर विचारा: यंत्रावर स्वतः बसू देतात का, आणि नंबर कधी लागतो?

फ्राउनहोफरचं बरंच काम कंपन्यांच्या करारांवर चालतं. उद्योगात जायचं असेल तर ती उत्तम जागा आहे. मात्र कंपनीची गुपितं गुंतली की पेपर अडतो, तेव्हा प्रबंधातलं काय छापता येईल ते आधीच लेखी घ्या. मॅक्स प्लांक स्वतः पदवी देत नाही, ती विद्यापीठाची असते. पेपर एकत्र करून प्रबंध देता येतो का, किती पेपर लागतात, हे त्या विद्याशाखेच्या नियमावलीत असतं. ती आत्ताच मागवा.

ओपन अ‍ॅक्सेसच्या (पेपर सर्वांना मोफत वाचता यावा म्हणून जर्नलला भरायच्या) शुल्काची फार चिंता नको. जर्मन संस्थांनी मोठ्या प्रकाशकांशी केलेल्या डील करारांमुळे (वायली २०१९, स्प्रिंगर नेचर २०२०, एल्सेव्हिअर २०२३) करस्पॉन्डिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) सहभागी संस्थेतला असेल तर बहुतेक जर्नलांत लेखकाला खिशातून भरावं लागत नाही. दोन्ही संस्था सहभागी आहेत का, तेवढं ग्रंथालयाला विचारा.

आणि जर्मनीला निघण्याआधी एम.टेक.च्या कामाचा पेपर लिहून गाईडच्या हातात द्या. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं), एसईएमच्या (पृष्ठभाग दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) कच्च्या फाइली यंत्राच्या सेटिंगसकट, गाईडच्या परवानगीने, सोबत घ्या. जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने वर्षभराने एखादा आलेख पुन्हा मागितला, तर तो त्यांतूनच काढावा लागेल.