मार खाल्लेली, घाबरट कुत्री दत्तक घेतली आहे. चार दिवस झाले, पलंगाखालून बाहेरच येत नाही. काय करू?

राहू द्या तिला पलंगाखालीच. ओढून बाहेर काढू नका, तेवढं एक पाळलंत तरी अर्धं काम झालं.

आमची राणी सिडकोतल्या घरी आली तेव्हा मी नुसता झाडू हातात घेतला तरी जागच्या जागी मुतायची. रागावलो नाही, तिच्यासमोर झाडू काढणंच बंद केलं. रोज तिच्याकडे पाठ करून जमिनीवर पेपर वाचत बसायचो, शेजारी उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे. नवव्या दिवशी पाठीला ओलं नाक लागलं. वळलो नाही, हे महत्त्वाचं! डोक्यावरून हात फिरवायची घाई नको. वरून आलेला हात तिला मारायलाच आल्यासारखा वाटतो. आधी छातीवर, हनुवटीखाली.

फिरायला नुसता गळपट्टा नको, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या. घाबरलेलं कुत्रं मान मागे खेचून पट्ट्यातून सटकतं. पहाटेच निघा, कॉलेज रोडसारख्या रस्त्यावरची संध्याकाळची गर्दी तिला झेपणार नाही. रेबीजची लस, जंताचं औषध हे ओघानं आलंच. दिवाळीत मात्र दारं-खिडक्या बंद, फटाक्यांना घाबरून पळाली तर शोधत बसाल.

राणी दारावरच्या बेलला पहिल्यांदा भुंकली ती चार महिन्यांनी. त्या दिवशी आम्ही पेढे आणले होते, खरंच.