रेट्रो गेमिंगच्या हॅन्डहेल्डसाठी कोणते कस्टम फर्मवेअर निवडावे?

जुने व्हिडिओ गेम खेळण्याच्या हातात मावणाऱ्या उपकरणासाठी (हॅन्डहेल्ड) सर्वांत चांगले कस्टम फर्मवेअर, म्हणजे कंपनीच्या मूळ प्रणालीऐवजी टाकायची दुसरी प्रणाली, कोणते, असे आपण विचारले आहे. परंतु फर्मवेअर विशिष्ट चिपसाठीच बांधलेले असल्यामुळे आधी उपकरणातील चिप पाहावी लागते. मियू मिनी प्लस हे उपकरण असल्यास फार विचार न करता ओनियन हे फर्मवेअर घ्यावे. त्यात उपकरण बंद करताना खेळ आपोआप जतन होतो आणि पुन्हा सुरू केल्यावर तिथूनच पुढे चालतो. माझ्या मते ही एकच सोय पुरेशी आहे. आरजी३५एक्सएक्स एचसारख्या एच७०० चिपच्या उपकरणांवर म्यूओएस किंवा बाटोसेरा या रेट्रो गेमिंग प्रणालीवर आधारलेले क्नुली चालते. साधेपणा हवा असेल तर पहिले आणि सजावट हवी असेल तर दुसरे घ्यावे. मूळ आरजी३५एक्सएक्ससाठीचे गार्लिकओएस मात्र नावातील साम्य पाहून या एच७०० उपकरणांवर टाकू नये, कारण मूळ आरजी३५एक्सएक्सची चिप वेगळी आहे.

आर३६एस या उपकरणावर आर्कओएस हे फर्मवेअर टाकताना खरी अडचण पडद्याची येते: बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या नगांत निरनिराळे पॅनेल बसवलेले असतात, म्हणून मूळ मेमरी कार्डाच्या बूट विभागातील डीटीबी फाइल (पडद्यासारख्या हार्डवेअरची माहिती प्रणालीला देणारी फाइल) आधी जपून ठेवावी, अन्यथा उपकरण सुरू होऊनही पडदा काळाच राहू शकतो. कोणतेही फर्मवेअर निवडले तरी ते चांगल्या प्रतीच्या वेगळ्या कार्डावर लिहावे आणि मूळ कार्ड न पुसता बाजूला ठेवावे.